मामंजींचा उजवा हात

लग्न होऊन मी ब्यानांच्या घरी आले, तेव्हा यांगचौ शहरात माझ्या सासऱ्यांना न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. ब्यान हेथिंग म्हणजे कमळ आणि कमळ म्हणजे ब्यान हेथिंग. मिठाच्या व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यात त्यांची कमळं, मोठ्या चहागृहात त्यांची कमळं. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या घरात मुलगी पडली म्हणून माझी आई गल्लीभर सांगत फिरली होती.

पहिल्याच सकाळी मी पेज आणि लोणच्याच्या काकड्या वाढल्या आणि पाहिलं, तर मामंजी डाव्या हातानं जेवत होते. उजवा हात लांब बाहीच्या आत होता. मला वाटलं, डावखुरे असतील. दुपारी कालव्यावर कपडे धुवायला निघाले तर माझे यजमान, रुइथांग, बादली घ्यायच्या निमित्तानं मागे आले आणि हळूच म्हणाले, बाबांचा उजवा हात गेलाय, बाहेर कुणाकडे बोलायचं नाही.

"मग चित्रं कोण काढतं?" मी विचारलं.

"ताई काढते," ते म्हणाले आणि बादली घेऊन पुढे झाले.

ताई म्हणजे माझी नणंद, रुइचेन. तेव्हा तिशीला आली होती. अंगानं किडकिडीत, नखांत कायम शाई, जीभ तिखट. मला तिची पहिल्यांदा भीतीच वाटायची. मागच्या अंगणापलीकडे एक खोली होती, तिचं दार दिवसा आतून बंद असायचं. लोकांना सांगितलेलं होतं की ब्यान गुरुजी एकांतात काम करतात, कुणाची सावलीसुद्धा चालत नाही. गुरुजी आत असायचे हे खरं. वेताच्या खुर्चीत बसून ते बघत असायचे. टेबलापाशी वन्सं उभ्या असायच्या.

हे कसं सुरू झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. ज्या हिवाळ्यात जपानी शहरात शिरले, त्याच हिवाळ्यात मामंजींना झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. सासूबाई आधीच गेलेल्या. रुइथांग शाळेत. वन्सं एकोणीस वर्षांच्या. लहानपणापासून त्या बापाजवळ बसून शाई उगाळायच्या. मुलीला कोण शिकवणार? त्या नुसतं बघायच्या, आणि मग अंगणातल्या विटांवर कुंचला पाण्यात बुडवून तेच काढायच्या. वाळलं की पुसलं गेलं, कुणाला पत्ता नाही.

एका धान्याच्या व्यापाऱ्यानं आईच्या वाढदिवसासाठी कमळाचं चित्र सांगून ठेवलेलं होतं. तो विचारायला आला तेव्हा मामंजी पडद्यामागे तोंड वाकडं होऊन पडलेले. वन्संनी सांगितलं, थोड्या दिवसांत देतो. आणि स्वतः काढलं. बापापुढे धरलं, तर बाप अडखळत म्हणाला, देठ मेलाय. त्यांनी फाडलं, पुन्हा काढलं. असं करता करता एका चित्राला मामंजी काहीच बोलले नाहीत. डाव्या हातानं शिक्क्याची पेटी मागितली आणि खाली आपल्या नावाचा शिक्का वाकडातिकडा मारला.

व्यापारी चित्र बघून म्हणाला, आजारपणानंतर गुरुजींचा हात तरुण झालाय. हे सांगताना वन्सं खूप हसल्या. "तरुण होणारच," त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्षांचा होता."

त्या चित्रांवर घर चाललं, रुइथांग शिकले, माझं लग्न झालं. मी आले तोवर वन्संना ते काम करता करता दहा वर्षं होत आली होती. मामंजींनी कधी बरं म्हटलं नाही. प्रत्येक चित्रात खोट काढायचे. पान जड झालं, पाणी कुठाय, इथं घाई केलीस. पण दार उघडून बाहेर आले, पाहुणा बसलेला असला, की तेच चित्र दाखवताना म्हणायचे, या पानाशी मी फार झगडलो. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. वन्सं स्वयंपाकघरात भाजी चिरत असायच्या. त्यांना सगळं ऐकू जायचं.

चित्राला मागून कागद आणि रेशीम लावून गुंडाळी करून देणारा शिंग पाओलिन नावाचा एक कारागीर होता. शांत माणूस. ओला कागद ज्याच्या हाताखालून जातो त्याला कुंचला कुणाचा ते लपत नाही. त्यानं कधी तोंडानं उच्चार केला नाही, पण गुंडाळी आणून द्यायचा ती मामंजींच्या हातात नाही, वन्संच्या. मी आले त्याच्या पुढच्या वसंतात तो नवे कपडे घालून आला आणि मामंजींकडे सरळ मागणी घातली. मी दाराआड होते. मामंजींनी उजवी बाही ओढून नीट केली.

मग म्हणाले, "तू माझी बोटं घेऊन जाशील. मग मी काय करू, ते सांग."

 शिंग म्हणाला, ती इथंच येऊन काढेल, रोज येईल. मामंजी म्हणाले, दुसऱ्याच्या घरची सून रोज इथं कशाला येते, असं लोक विचारतील तेव्हा? वन्संना बोलावलं. त्या आल्या, बापाच्या बाहीकडे बघितलं, आणि मला घरात कामं आहेत एवढंच बोलून परत गेल्या. शिंग त्याच वर्षी सूचौला निघून गेला. तिकडे त्यानं लग्न केल्याचं कळलं.

नवं सरकार आलं आणि आम्हाला वाटलं, आता कमळं कोण घेणार. झालं उलटंच. शहरात चित्रकारांचं मंडळ निघालं आणि मामंजींना मानाची जागा मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला. लोकांपुढे काढून दाखवा असं कुणी म्हटलं, की त्या दिवशी त्यांना चक्कर यायची. वन्संना लाखेच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात काम लागलं. डब्यांवर, ताटांवर कमळं रंगवायची. संध्याकाळी आणि सुट्टीला मागच्या खोलीत. कारखान्यातला मुकादम, म्हातारा छिउ, त्यांना सारखा म्हणायचा, बापाच्या हातातलं चिमूटभर तरी उतरायला हवं होतं तुझ्यात.

"काय करणार," वन्सं म्हणायच्या, "सगळं त्यांनीच ठेवून घेतलं."

छिउ हसायचा. त्याला ती थट्टा वाटायची.

एकदा शहरातल्या कामकरी बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. वन्संनी कधी कशाची हौस केलेली मी पाहिली नव्हती, पण या वेळी त्यांनी घरी कुणाला न विचारता एक कमळ काढलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. ब्यान रुइचेन. शिक्का नव्हता, तर लाल शाईनं नुसती चौकट काढली. चित्र परत आलं. घेऊन येणारी बाई भली होती, समजुतीनं सांगत होती, वडिलांची नक्कल हुबेहूब जमलीय, पण यात तुमचं स्वतःचं काय? आम्हाला नवं काही हवंय.

वन्संनी तिला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं. परत येऊन त्या चुलीपुढे बसल्या आणि चित्र आत सारलं. मी काढायला धावले तर माझा हात धरला. इतका घट्ट, की वळ उठला.

त्यानंतर त्यांनी जवळजवळ वर्षभर बापाच्या शिक्क्यासाठी एकही चित्र काढलं नाही. मामंजी चिडले, मग गयावया केली, मग जेवण टाकलं. मंडळातून विचारणा व्हायला लागली. आणि शरद संपता संपता एका सुट्टीला वन्सं तळ्यावर गेल्या, दिवसभर बसल्या, आणि परत येऊन त्यांनी जे काढलं ते त्या घरात आजवर कुणी काढलेलं नव्हतं. वाळलेली कमळं. मोडलेले देठ, पाण्यावर पडलेली काळी पानं, करपलेल्या कडा, आणि एका वाकलेल्या देठावर एक खंड्या पक्षी, पिसं फुगवून, थंडीत बसतो तसा. मला चित्रातलं कळत नाही. पण ते बघून मला माझी मेलेली मुलगी आठवली, जिच्याविषयी मी कुणाजवळ बोलत नसे. मी तिथंच खाली बसले.

मामंजी आले. चित्रापुढे उभे राहिले. या वेळी खोट काढली नाही. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, हे मी खोटं सांगणार नाही. मग ते म्हणाले, "हे माझं सगळ्यात चांगलं काम आहे." आणि शिक्का मागितला.

"बाबा, हे एवढं माझं राहू द्या," वन्सं म्हणाल्या.

"तुझ्या नावानं हे कोण लावील भिंतीवर? पेटीत कसर खाईल त्याला."

आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट. वन्संनी शिक्क्याची पेटी स्वतः आणून दिली. चित्र शहराच्या अतिथीगृहात लागलं. लांबून लांबून लोक बघून जायचे.

पुढे ती वर्षं आली. वरून हाक आली आणि पोरं रस्त्यावर उतरली, जुनं ते सगळं फोडायला लागली. आमच्या घरातून त्यांनी कागद, कुंचले, सासूबाईंची आरशाची पेटी, सगळं नेलं. मामंजी तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांना जुन्या नाटकगृहात सभेपुढे उभं केलं. आम्हा घरच्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, मान खाली घालून. रंगमंचावर बांबूला ते वाळलेल्या कमळांचं चित्र टांगलं होतं. सभा चालवणारा कुओ मंडळातच कारकून होता. आदल्या वर्षापर्यंत मामंजी आले की धावत खुर्ची आणायचा.

कुओ म्हणाला, सगळा देश फुलतो आहे आणि या म्हाताऱ्याला फक्त वाळलेलं दिसतं. ही पानं म्हणजे कोण? आणि हा पक्षी पश्चिमेकडे का बघतोय? कुणाची वाट बघतोय? लोक ओरडायला लागले. मी मान खाली घालूनच मनात हिशेब केला, तर चित्र जसं टांगलं होतं त्यावरून पक्षी दक्षिणेकडे बघत होता. पण हे कुणाला सांगणार?

मामंजींना गुडघ्यावर बसवलं. डोक्यावर शाई ओतली. कुओ म्हणाला, आता इथंच, लोकांसमोर, फुललेलं लाल कमळ काढ आणि माफी माग. कुंचला पुढे केला. मामंजी हलले नाहीत. लोकांना वाटलं, माजलाय. कुणीतरी पट्टा काढला. दुसरा फटका बसला आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

वन्सं रंगमंचावर चढत होत्या. "त्यांना मारू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता, पण पहिल्या रांगांना ऐकू गेलं. "त्यांना येत नाही. ते चित्र मी काढलंय. गेली तीस वर्षं सगळी मीच काढलीत."

पहिल्यांदा हशा पिकला. मग मामंजींनी मान वर केली. तोंडावरून शाई गळत होती.

"खोटं बोलते ती," ते म्हणाले. "तिला साधं पान जमत नाही. चित्र माझं आहे."

"बाबा, हात दाखवा त्यांना."

मामंजींनी हात बाहीत आणखी आत ओढला. कुओनं तो बाहेर खेचला, बोटांत कुंचला कोंबला, आणि तो पडला. पुन्हा कोंबला, पुन्हा पडला. सगळ्या नाटकगृहानं तो हात बघितला. त्या हातावर ऊन पडलेलं कुणाला आठवत नसेल, असा पांढरा.

मग कुओ वन्संकडे वळला आणि म्हणाला, काढ तर मग. भिंतीवर लावायच्या घोषणांचा एक मोठा पिवळा कागद जमिनीवर पसरला. घोषणा लिहायची बादलीतली शाई पुढे केली. वन्संनी त्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, ही पातळ आहे, सहाण आणि शाईची वडी द्या. आमच्याच घरातून जप्त केलेल्या सामानात ती होती. कुणीतरी आणली. आणि ती एवढी आरडाओरड करणारी माणसं थांबली, वन्सं शाई उगाळेपर्यंत. मला आजही ते खरं वाटत नाही. नुसता दगडावर वडी फिरल्याचा आवाज.

त्या काय विचार करत होत्या, मला माहीत नाही. चांगलं काढलं तर बाप जगापुढे लबाड ठरणार आणि गुन्हा स्वतःच्या अंगावर येणार. वाईट काढलं तर बापाला पुन्हा पट्टा. मुद्दाम मधलं काहीतरी काढता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. त्या गुडघ्यावर बसल्या आणि काढत गेल्या. तो भुसभुशीत कागद शाई भसाभसा पीत होता, तरी देठ उभे राहिले, मोडले, पाण्यात पडले. पक्षी त्यांनी काढला नाही. शेवटी खाली नाव लिहिलं.

 मागून कुणीतरी म्हाताऱ्या माणसानं मोठा श्वास घेतला, तो सगळ्यांना ऐकू आला. मामंजी त्या कागदाकडे बघत होते. मग कुओनं कागद उचलून फाडला. वन्संच्या नावाचं, चार माणसांनी पाहिलेलं, आयुष्यात एवढं एकच चित्र. ते वाळलंसुद्धा नव्हतं.

दोघंही दोषी ठरली. मामंजींच्या गळ्यात 'मुलीचं रक्त पिणारा लबाड' अशी पाटी घालून त्यांना बाजारातून फिरवलं. वन्संना त्याच दिवशी नेलं. मामंजी घरी आले ते भिंतीकडे तोंड करून निजले. मी चमच्यानं पेज भरवायची. नव्या वर्षाच्या आधीच ते गेले. वन्संचं नाव त्यांनी काढलं नाही. रुइथांग मरेपर्यंत म्हणत राहिले, बाबा ताईला वाचवायला खोटं बोलले. मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. पण मी पहिल्या रांगेत होते आणि 'चित्र माझं आहे' म्हणतानाचं मामंजींचं तोंड मी पाहिलं होतं.

वन्संना पाओयिंगच्या तळ्यांकडे पाठवलं, कमळकाकडी खणायला. ते काम हिवाळ्यातच असतं. बर्फासारख्या चिखलात मांडीपर्यंत उभं राहायचं आणि उघड्या हातांनी चाचपत काकडी न मोडता काढायची. सात हिवाळे त्यांनी ते केलं. परत आल्या तेव्हा मी दारात त्यांना ओळखलं, पण हात ओळखले नाहीत. बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकलेली, सांधे सुजलेले. बटणं मी लावून द्यायची. मी एकदा धीर करून विचारलं, की वन्सं, मामंजी तुमच्यासाठी खोटं बोलले की स्वतःसाठी?

"तिकडे चिखलात मी खूप विचार केला," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, त्यांनाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं रोज म्हणायचे ना, या पानाशी मी झगडलो म्हणून. झगडलेही असतील."

काळ पुन्हा पालटला. ज्यांची नावं खराब झाली होती त्यांची धुऊन निघायला लागली. मंडळाचे तीन अधिकारी फळं घेऊन घरी आले. ब्यान हेथिंग यांच्यावर अन्याय झाला होता, त्यांचं मोठं प्रदर्शन भरवायचं आहे, जप्त झालेली चित्रं सापडली आहेत, वाळलेली कमळंसुद्धा. मुलगी म्हणून फीत तुम्ही कापायची.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यातली झटक्यानंतरची सगळी माझी आहेत.

अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातला मुख्य फार अदबीनं बोलणारा होता. तो म्हणाला, "आक्का, तुम्ही त्या सभेत काय बोललात ते आम्हाला माहीत आहे. वडिलांचा मार चुकवायला बोललात. जबरदस्तीनं घेतलेले सगळे जबाब आता रद्द झालेत, तुमचाही. आता तुम्हाला तसं म्हणायची गरज नाही."

"मी काढलीत," वन्सं पुन्हा म्हणाल्या.

दुसरा म्हणाला, मग चार रेषा काढून दाखवा, आमचीही खात्री होईल. तो वाईट हेतूनं बोलला नसावा. त्याची नजर मग वन्संच्या हातांवर गेली आणि त्यानं मान वळवली. मी मध्ये पडले, सांगितलं की मी डोळ्यांनी बघितलंय, हे यजमान बसलेत, यांना विचारा. तो म्हणाला, घरच्यांच्या भावना आम्ही समजतो. बाहेरचं कुणी सांगेल का?

मी सूचौला शिंग पाओलिनला पत्र टाकलं. त्याच्या मुलाचं उत्तर आलं, वडील चार वर्षांपूर्वी वारले.

प्रदर्शनाला वन्सं गेल्या नाहीत. फीत कुणी दुसऱ्यानं कापली. मी गेले होते. चित्रांपुढे गर्दी होती, आणि वाळलेल्या कमळांपुढे सगळ्यात जास्त. एक प्राध्यापक मुलांना समजावत होते, हा वृद्ध पुरुषाचा हात आहे, सगळं भोगून शांत झालेला. मी घरी येऊन वन्संना ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या खिडकीशी कोमट पाण्यात हात घालून बसल्या होत्या. पाणी गार झालं की मी बदलायची. असं पुढे पाच-सहा वर्षं. कुंचला त्यांनी हातात धरायचा प्रयत्नसुद्धा केलेला मी पाहिला नाही. एकदाच, शेवटच्या हिवाळ्यात, म्हणाल्या, "छाइयुन, त्या दिवशी शाई छान उगाळली गेली होती गं." आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या गेल्या. रुइथांगना दगडावर 'चित्रकार' असं कोरून हवं होतं. स्मशानाच्या कचेरीत म्हणाले, तसं लिहायला मंडळाचा दाखला आणा. मंडळात म्हणाले, त्या आमच्या सदस्य नव्हत्या, 'चित्रकार ब्यान हेथिंग यांची कन्या' असं हवं तर चालेल. रुइथांग शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी टेबलावरचा चहाचा पेला भिंतीवर फेकला. शेवटी दगडावर नाव आणि सालं एवढंच आलं.

दगड कोरणारा चांगला माणूस होता. काम संपल्यावर त्यानं आम्हाला बोलावून दाखवलं आणि म्हणाला, खाली जागा बरीच उरलीय, मोकळी वाटते. वरचे पैसे नकोत, एखादं कमळ कोरून देतो. हात बसलाय माझा कमळावर.

रुइथांग म्हणाले, नको, राहू दे मोकळी.